मेक मॉड: चिप नसलेलं व्हेप काही महिने वापरल्यावर

मेकॅनिकल मॉड अजून लोकप्रिय आहे का, या प्रश्नाचा निकाल आधी सांगतो. मेकॅनिकल मॉड, म्हणजे निकोटिनच्या लिक्विडची वाफ करणारं बिनसर्किटचं व्हेप (ई-सिगारेट), हौशी लोक ज्याला नुसतं 'मेक' म्हणतात, तो अजून चालतो, पण नादापुरता. सिगारेट सोडायला किंवा रोजचं निकोटिन भागवायला आज कुणी मेक घेत नाही, आणि घेऊही नये. ज्यांच्या हातात तो उरलाय ते वाफेपेक्षा धातूच्या कामावर भाळलेले लोक आहेत. मीही त्यातलाच. बेळगावच्या उद्यमबागेत मामांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हात काळे करून पुढे नोकरीला लागलो. त्यामुळे हा अनुभव व्हेपवाल्याचा कमी आणि टर्नरचा जास्त आहे.

हे सगळं इंग्लंडमधलं आहे, हेही लगेच सांगून टाकतो. कंपनीच्या कामासाठी कव्हेंट्रीला होतो तेव्हाची गोष्ट. कर्नाटकात ई-सिगारेटवर २०१६ मध्येच बंदी आली आणि २०१९ च्या केंद्राच्या कायद्याने ती देशभर झाली. त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण चिकोडी-अथणीकडची बाहेरदेशी गेलेली पोरं सगळ्यात आधी तेच विचारतात.

मेक म्हणजे एक नळी. आत एक लिथियम सेल, खाली बटण, वर अ‍ॅटोमायझर. वरच्या भागात तारेची कॉइल असते, ती तापून लिक्विडची वाफ करते. बटण दाबलं की सेलचा करंट नळीच्या धातूतून थेट कॉइलला जातो. वायर नाही, सर्किट नाही, डिस्प्ले नाही. व्होल्टेज कमी-जास्त करणारं काही नाही, आणि काही चुकलं तर थांबवणारंही काही नाही. माझा मॉड तांब्याचा होता, १८६५० सेलचा. या आकड्यातच सेलचं माप असतं: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. वरचा अ‍ॅटोमायझर बसतो त्या जोडाला ५१० म्हणतात. तिथले आटे सात मिलिमीटर व्यासाचे आणि अर्ध्या मिलिमीटर पिचचे (म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर). कुठल्याही देशातल्या कारागिराने केलेला मॉड कुठल्याही देशातल्या अ‍ॅटोमायझरला बसतो तो या एका मापामुळे.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मामांना तो दाखवला. चष्मा कपाळावरून खाली घेत म्हणाले, "काय रं हे? स्पूल हाय काय कुठल्या व्हॉल्व्हचा?" उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम एवढं चालतं की गोल, चकचकीत आणि आटे असलेली कुठलीही वस्तू त्यांना आधी स्पूलच, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडाच, वाटते. मग म्हणाले, "आटे बघू. जवळ धर की जरा." मी टोपी फिरवून दाखवली. चांगल्या मेकची टोपी बोटाच्या एका झटक्यात सुटते आणि शेवटच्या आट्यापर्यंत कुठेही अडखळत नाही. नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी उठवलेली खरबरीत नक्षी, हाताला टोचत नाही, पण ओल्या हातानेही निसटत नाही. बोअरला (आतल्या भोकाला) कुठे बर, म्हणजे कापताना राहिलेली धार, नाही. कडांना बारीक चॅम्फर, म्हणजे तिरका उतार. मामा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, आणि आमच्या मामांची कौतुकाची पद्धत तीच आहे. मग विचारलं, "आणि फ्यूज कुठाय?"

"फ्यूज नाही, मामा."

"न्हाई? मग शॉर्ट झालं तर?"

"सेल तापतो. खाली गॅस जायला भोकं ठेवलीत, त्यातून..."

"म्हंजे तूच फ्यूज. ठेव बाजूला, आणि दुसरं काय तरी वापर."

मामांना व्हेपमधलं काही कळत नाही, पण या यंत्राची पूर्ण परीक्षा त्यांनी त्या एका प्रश्नात घेतली.

आता आकडे बघू, कारण मेक वापरायचा तर ओहमचा नियम (करंट म्हणजे व्होल्टेज भागिले विरोध) तोंडपाठ हवा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइल ०.२५ ओहमची असेल तर करंट १६.८ अँपिअर आणि पॉवर साधारण ७० वॅट. सेल ३.७ व्होल्टवर उतरला की तीच कॉइल ५५ वॅटवर येते. म्हणजे सकाळचा पहिला झुरका घसा तापवणारा आणि संध्याकाळचा कोमट. चिपवाल्या मॉडमध्ये ६० वॅट लावले की सेल संपेपर्यंत ६०च मिळतात. मेकवाले या उताराला 'जिवंतपणा' म्हणतात. मला पहिल्या आठवड्यात ते पटलं, नंतर नुसता सेल बदलायचा कंटाळा यायला लागला.

खरी भीती खालच्या ओहमची. ०.१५ ची कॉइल लावली की पूर्ण चार्जला २८ अँपिअर ओढले जातात. सॅमसंगच्या २५आर सेलची सलग करंट द्यायची मर्यादा २० अँपिअर, ३०क्यूची १५, सोनीच्या व्हीटीसी५एची २५. (सोनीने बॅटरीचा धंदा २०१७ मध्ये मुराताला दिला, त्यामुळे आता तेच सेल मुराताच्या नावाने येतात.) यातला एकही सेल त्या कॉइलला पुरत नाही. दोन सेल एकावर एक ठेवायचे लांब मॉडही मिळतात. त्यात व्होल्टेज ८.४ वर जातं आणि त्याच कॉइलमधून करंट दुप्पट होतो. तो प्रकार मी दुकानात हातात घेऊन परत ठेवला.

सेलबद्दल आणखी एक, आणि हे व्हेप न ओढणाऱ्यांनीही वाचावं. आपल्याकडे बाजारात टॉर्चबरोबर जे १८६५० सेल मिळतात, त्यांतल्या काहींवर ९८००, ९९०० एमएएच असे आकडे छापलेले असतात. या मापाच्या सेलमध्ये तेवढी ताकद मावतच नाही. चांगल्या कंपनीचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून नवं वेष्टण चढवलेलेही खूप असतात. टॉर्चला ते चालून जातात, कारण टॉर्च फार करंट ओढत नाही. मेकमध्ये तसला सेल घालणं म्हणजे हातात फटाका धरणं. वेष्टण जरा जरी फाटलं असेल तरी सेल बाद, कारण सेलचं अख्खं अंग ऋण टोक असतं आणि नळीही धातूचीच. माझ्या खिशात सुटा सेल कधी नसायचा. किल्ल्यांबरोबर पडलेल्या सेलनी मांड्या भाजल्याचे किस्से तिथे प्रत्येक दुकानदाराकडे असतात.

हायब्रिड टोपीचे मॉड वेगळेच. त्यांत अ‍ॅटोमायझरची खालची पिन थेट सेलच्या धन टोकाला टेकते, मध्ये काही नसतं. पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर भोवतीचे आटेच सेलला टेकतात आणि मग शॉर्ट ठरलेला. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना जमवल्या होत्या. त्या सगळ्या काही मेकच्या नव्हत्या. पण नळीत बंद असलेला सेल फुटला की तो रॉकेटसारखा सुटतो, हे त्यांचं निरीक्षण मेकला तंतोतंत लागू पडतं. २०१८ मध्ये फ्लोरिडात एका माणसाचा असाच जीव गेला.

तांबं की पितळ हा मेकवाल्यांचा आवडता वाद. पितळाची वहनक्षमता तांब्याच्या साधारण चौथा हिस्सा, म्हणून तांब्याचा मॉड 'जोरात मारतो' असं म्हणतात. मी मीटर लावून बघितलं. एवढ्या जाड नळीत धातूचा फरक नगण्य असतो, खरा तोटा होतो तो सांध्यांवर: आट्यांत, बटणाच्या टोकावर, पिनवर. सगळ्या सांध्यांचा मिळून दहा मिलिओहम विरोध धरला तरी १६ अँपिअरला ०.१६ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. आटे पुसून बटणाचं टोक घासलं की मॉड परत नवा. बाकी तांबं काळं पडतं, हाताला वास येतो, आणि थंडीत ग्लोव्ह्जवर हिरवट डाग राहतो. मी चिंच लावून घासायचो. शेजारच्या खोलीतल्या पोलिश मित्राला वाटलं हा काहीतरी खास भारतीय पॉलिश वापरतोय, आणि मीही त्याला तसंच वाटू दिलं.

वापरायला हा प्रकार कामाचा माणूस टिकवू शकेल असा नाही. वरचा अ‍ॅटोमायझर ड्रिपर होता, म्हणजे दर चार-पाच झुरक्यांना बाटली काढून कापसावर थेंब टाकायचे. कॉइल स्वतः वळायची, कापूस ओवायचा, ओहम मीटरवर बघायचं, मग बसवायचं. शिफ्टमध्ये दहा मिनिटांची सुट्टी असते, त्यातली सात यातच जायची. गाडी चालवताना शक्यच नाही. ७० वॅटला लिक्विड पाण्यासारखं जातं, म्हणून निकोटिन मिलीमागे ३ मिलिग्रॅमचंच घ्यावं लागतं. तिथे निकोटिनच्या लिक्विडची बाटली १० मिलीपेक्षा मोठी चालत नाही आणि निकोटिनला मिलीमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, पण त्या मर्यादेजवळचं लिक्विड या यंत्रात ओढलं तर माणूस चक्कर येऊन खाली बसेल. चव मात्र कबूल करावी लागेल, एवढी दाट आणि स्वच्छ चव मला नंतर कुठल्याच पॉडमध्ये (छोट्या, चिपवाल्या तयार व्हेपमध्ये) मिळाली नाही.

चवीवरून आठवलं. निपाणीचा एक मित्र तिथे होता, त्याच्या घरची तंबाखूची वखार. त्याला मी 'टोबॅको' चवीचं लिक्विड दिलं. एक झुरका घेऊन म्हणाला, "ह्यात तंबाखू सोडून सगळं हाय." चाळणीवर जर्दा पडताना जो खकाणा उठतो तो नाकात भरून वाढलेला माणूस तो, त्याला कॅरॅमलचं पाणी काय पटणार? गंमत म्हणजे बहुतेक लिक्विडमधलं निकोटिन तंबाखूच्या पानातूनच काढलेलं असतं. निपाणीचं पीक बिडीचं, त्याचा या धंद्याशी संबंध नाही, तरी तो मित्र हे ऐकून जरा खूश झाला.

मग मेक मागे का पडला? माझ्या मते चार धक्के बसले. २०१३ ते २०१५ च्या सुमारास मेक अगदी भरात होता. फिलिपिन्स आणि अमेरिकेतले छोटे कारागीर नंबर टाकून मॉड काढायचे, वाफेचे मोठे ढग सोडायच्या स्पर्धा व्हायच्या. तेवढ्यात एव्हॉल्व्हसारख्या कंपन्यांच्या चिपा चांगल्या झाल्या. एव्हॉल्व्हच्याच २०१४ च्या डीएनए ४० चिपमध्ये तर कॉइलचं तापमान सांभाळायची सोय आली. शॉर्ट झाला तर चिप बटणच चालू देत नाही, मग मेक कशाला? २०१५ मध्ये जूल नावाचं छोटं पॉड आलं, घशाला कमी लागणारं निकोटिन सॉल्ट आलं, आणि लोकांना कळलं की ढग न काढताही तलफ भागते. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे नियम कडक झाले. चार जणांच्या वर्कशॉपला ती कागदपत्रं परवडणारी नव्हती. शेवटी डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे व्हेप, आले आणि नव्या पिढीने कॉइल कशी असते तेच बघितलं नाही. ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल बंद केले, तेव्हा काही जुन्या लोकांना वाटलं आता गिऱ्हाईक मेककडे वळेल. तसं काही दिसत नाही. ते गिऱ्हाईक रिफिलच्या पॉडकडे जातं, जे दिसायला जवळपास डिस्पोजेबलसारखंच असतं.

मी जायचो त्या दुकानात मेक काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर होते, धूळ बसलेले. मात्र दुकानदाराच्या ओळखीची माणसं आली की काउंटरखालून एक डबा निघायचा. त्यात जुने मॉड, अदलाबदलीचे, काही कोरीवकाम केलेले, काही मुद्दाम काळे पडू दिलेले. त्यांतले निम्मे लोक बाहेर पडताना खिशातून पॉड काढून ओढायचे आणि मेक घरी कपाटात ठेवायचे. 'अजून लोकप्रिय आहे का' याचं उत्तर मला त्या दुकानाच्या दारात मिळालं. जुन्या घड्याळांचा किंवा फाउंटन पेनांचा जसा बाजार असतो, तसा आता हा बाजार आहे. लहान, जाणकार, आणि भावासाठी तासभर घासाघीस करणारा.

आता कायदा. मला मेसेज येतात, "दादा, येताना एक बॅगेतून आणलं तर काय होतंय?" होतंय. २०१९ च्या कायद्यात उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिडी कोपऱ्यावरच्या टपरीत मिळते आणि हे मिळत नाही, यावर वाद घालायचा तर खुशाल घाला, मलाही तो कायदा लंगडा वाटतो. पण कस्टमवाल्यासमोर तो वाद चालत नाही. मी माझा मॉड तिथेच खानापूरच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन आलो, सेल दुकानात जमा केले, आणि इथे आल्यावर औषधाच्या दुकानातून २ मिलिग्रॅमची निकोटिनची गोळी चघळायला लागलो. ती बेचव आहे, पण तलफेला पुरते.

तिकडे असताना सिगारेट सोडण्यासाठी काही घ्यायचंच असेल तर साधा रिफिलचा पॉड घ्या. जे ओढतच नाहीत त्यांनी कशाच्याच नादी लागू नये, हे यंत्र तर अजिबात नको. आणि टर्नरचा जीव असेल, तांब्याची नळी हातात घ्यायचीच असेल, तर जुना वापरलेला मॉड घ्या, हायब्रिड सोडून. बटणाला लॉकची रिंग आहे का आणि खाली गॅसची भोकं आहेत का ते बघा, आटे फिरवून बघा. सेल मात्र नवा आणि खात्रीच्या दुकानातूनच. मॉड विकणारा बरोबर फुकट देईल तो सेल घेऊ नका.