मेलबर्नमधली रिसर्च मास्टर्स: चौदा महिन्यांनंतर

एमफिल करतेय म्हटलं की घरचे विचारतात, "ती बंद झाली ना?" भारतात झाली, 2022 च्या यूजीसी नियमांनी. ऑस्ट्रेलियात चालू आहे, संशोधनाची मास्टर्स म्हणून.

इथे परीक्षा नाहीत, मार्क नाहीत. किमान दोन तृतीयांश भाग संशोधनाचा असावाच लागतो. माझ्या वाट्याला दोन छोटे कोर्स आले, बाकी सगळा प्रबंध. गाईडला नावाने हाक मारायची. ("सर" तोंडातून जायला मला तीन महिने लागले.) सुरुवातीला फार मजा वाटते, कारण आज काय केलंस असं कुणी विचारतच नाही.

मग सहाव्या महिन्यात येतं कन्फर्मेशन, म्हणजे संशोधन पुढे न्यायचं की नाही ते ठरवणारा टप्पा. लेखी प्रस्ताव, सादरीकरण आणि समोर तिघांची समिती. माझा विषय पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात येणारं मायक्रोप्लास्टिक. यारा नदीला मिळणारे मेरी, डेअरबिन आणि गार्डिनर्स असे तीन ओढे मी घेतले होते. वेळापत्रकाचा तक्ता रंगीबेरंगी, देखणा. समितीतल्या बाईंनी त्यावर बोट ठेवलं, "नमुने पावसानंतर घेणार ना? मग यात पाऊस कुठंय?" मी गप्प. महिन्याभरात प्रस्ताव नव्याने दिला, एकट्या मेरी क्रीकचा. खरी परीक्षा म्हणाल तर हीच होती.

तक्रार एकच, पण मोठी. सरकारी आरटीपी (रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम) शिष्यवृत्ती मास्टर्सला जास्तीत जास्त दोन वर्षं मिळते. आमच्या लॅबमधलं एफटीआयआर मशीन सात आठवडे बंद होतं. प्लास्टिकचा कण कुठल्या प्रकारचा ते त्यावरच कळतं. गाळलेले फिल्टर पेपर डब्यांत पडून राहिले, घड्याळ मात्र चालूच. मुदतवाढीचा अर्ज केलाय, उत्तर नाही.

पीएचडीत बदलून घेता येतं, पण मास्टर्समध्ये गेलेले महिने पीएचडीच्या चार वर्षांतूनच वजा होतात. हे मला दहाव्या महिन्यात कळलं!

एक सोय मात्र झकास: एकदा कोर्स सुरू झाला की रिसर्चवाल्यांना व्हिसावर कामाच्या तासांची मर्यादा नाही. कोर्सवर्कवाल्या, म्हणजे प्रबंधाऐवजी मुख्यतः वर्गातले विषय घेऊन मास्टर्स करणाऱ्या, रूममेटला पंधरवड्याला 48 तासच.

नुसती डिग्री हवी असेल तर कोर्सवर्कवाली घ्या. ही घेणार असाल तर प्रवेशाआधी गाईडला विचारा, तुमचे किती मास्टर्सवाले दोन वर्षांत सुटले? मी स्टायपेंड विचारला होता.