वेग मोजणारे कॅमेरे: एका खांबाचा की दोन खांबांचा?

एका खांबावरचा रडार कॅमेरा शाळेसमोर, चौकात, नेमक्या धोक्याच्या जागी उत्तम. लांब सरळ रस्त्यावर मात्र तो कमी पडतो. चालक खांबापाशी ब्रेक दाबतात, पुढे गेले की पुन्हा गाडी पळवतात. त्या अचानक ब्रेकने मागची गाडी आदळण्याचा धोका वेगळाच. तिथे सरासरी वेग मोजणारी दोन कॅमेऱ्यांची जोडीच बसवावी. ३ किलोमीटर २ मिनिटांत कापले, तर वेग ताशी ९० किलोमीटर. १ सेकंदाची चूक झाली तरी फरक १ टक्क्याच्या आत. टप्पा ३०० मीटरचाच ठेवला तर तीच चूक ८ टक्क्यांवर जाते. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली हवीतच.

रडारमध्ये बिघडतो तो कोन, म्हणजे रडारची लहर आणि गाडीची दिशा यांच्यातला. २२ अंशांसाठी जुळवलेले यंत्र २० अंशांवर सरकले, तर ताशी १०० चा वेग १०१ च्या वर दिसतो. पडताळा सोपा आहे: अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो आणि रस्त्यावर मोजून आखलेले पट्टे. तेवढ्यात गाडी १० मीटर सरकली, तर वेग ताशी ७२. पट्टे पुसट झाले की लगेच रंगवा, नाहीतर पडताळाच उरत नाही.