३४९ रुपयांचा आर्द्रतामापक आणि बेडरूमची पश्चिमेची भिंत

आधी वस्तू. काडेपेटीहून थोडा मोठा पांढरा डबा, मागे स्टँड, आत बटणासारखे दोन सेल. वर तापमान, खाली हवेतली आर्द्रता टक्क्यांत. दिवसातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवतो, बाकी काही साठवत नाही. ऑनलाइन ३४९ रुपयांना मिळाला. गेल्या जुलैपासून वापरते आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने असा एक घ्यावा असं माझं ठाम मत झालं आहे, आणि त्याचं कारण सांगायला थोडी जागा लागेल.

आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घर बघितलं मार्चमध्ये. ताजा रंग, स्वच्छ भिंती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बेडरूममध्ये कुबट वास यायला लागला. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत कमरेपर्यंत काळी-हिरवी. खालच्या खणात आईची पैठणी होती, तिच्या घडीवर पांढरे ठिपके पडलेले. मुलगा सात वर्षांचा, त्याच भिंतीकडे डोकं करून झोपायचा आणि रात्रभर खोकायचा. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" त्या रात्रीपासून त्याचं अंथरूण हॉलमध्ये.

मालक काका भले गृहस्थ आहेत. आले, भिंत बघितली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही दोघंही कामावर. खिडक्या दिवसभर बंद, कपडे आत वाळत घालता, मग बुरशी येणारच. मी बुरशीविरोधी रंग मारून देतो." पावसाळ्यात कोणत्या घरात कपडे आत वाळत नाहीत? पण मला उत्तर देता येईना, कारण ते खरं की खोटं हे मलाही माहीत नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे सकाळी मशीनवर कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल, लावून आकडा बरोबर येतोय हे बघितल्याशिवाय पेशंटचं सॅम्पल लावत नाहीत. मापक आल्यावर मी त्याचाही कंट्रोल लावला. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं, आणि झाकण व मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवलं. अशा बंद डब्यात ओल्या मिठावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. माझा मापक ७९ दाखवत होता. म्हणजे चार जास्त. तेव्हापासून प्रत्येक आकड्यातून चार वजा करते. स्वस्त मापकात एवढा फरक चालायचाच, पण तो किती आहे हे आपल्याला ठाऊक हवं.

मग दहा दिवस सकाळी सात आणि रात्री दहाला वहीत नोंद. पूर्वेच्या खोलीत ७४ ते ७८. बेडरूममध्ये ८८ ते ९१. घर तेच, माणसं तीच, मधलं दार उघडं. आत वाळणारे कपडे तर पूर्वेच्याच खोलीत होते.

मात्र मापक हवेतली ओल सांगतो, ती आली कुठून हे सांगत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल कामाला आला. वीतभर चौकोन भिंतीवर चारही कडांना टेप लावून दोन दिवस ठेवायचा. खोलीच्या बाजूने पाणी जमलं तर ते घरातली वाफ गार भिंतीवर बसून आलेलं. भिंतीकडच्या बाजूने जमलं तर भिंतच पाणी सोडते आहे. बेडरूममधला फॉइल काढला तेव्हा मागून पाण्याचे टपोरे थेंब होते, पुढून कोरडा. स्वयंपाकघरात फ्रिजमागेही काळे डाग होते, तिथे मात्र उलट निघालं: पुढून ओला, मागून कोरडा. ती वाफ आमची होती. मी काकांना दोन्ही फोटो पाठवले आणि स्वयंपाकघराची जबाबदारी आमची असं स्वतःहून लिहिलं. एक्झॉस्ट पंखा आमच्या पैशांनी बसवला. त्यानंतर काकांचा सूर बदलला. मी माझी चूक मान्य केली म्हणून त्यांनी बेडरूमचा फोटो नीट बघितला, असं मला वाटतं.

कायद्याचं कळलं ते कल्याण कोर्टातल्या विधी सेवा समितीत. तिथे स्त्रियांना मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ म्हणतं की घर राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे ऐकून मला हायसं वाटलं. पण वकील मॅडमनी लगेच थांबवलं. आपले अकरा महिन्यांचे करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यात आपण कायद्याने भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, त्यामुळे या कलमावर विसंबून भाडं कापायचं नाही. आपला आधार करारातली कलमं. माझ्या करारात आतली किरकोळ दुरुस्ती आमची आणि इमारतीची मोठी दुरुस्ती मालकाची, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सही करताना मी ते पान वाचलंही नव्हतं. करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे (कलम ५५). नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं आणि ते खोटं हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स आणि फोटो. काकांनी तेच कागद सोसायटीत दिले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. सभासदाच्या न्हाणीघरातली गळती असेल तर त्याच्या स्वतःच्या. म्हणून पाणी कुठून येतंय हा प्रश्न इतका महत्त्वाचा. सेक्रेटरी गच्चीवरून वाकून बघून आले. आमच्या छज्जाच्या वर बीम आणि विटांच्या सांध्यात लांब भेग होती, आणि पश्चिमेचा पाऊस थेट तिच्यावर.

भर पावसात प्लास्टर करता येत नाही. ऑगस्टमध्ये भेगेवर तात्पुरतं ताडपत्री आणि सीलंट, पक्कं काम डिसेंबरमध्ये. मधल्या तीन महिन्यांचं भाडं काकांनी दोन-दोन हजारांनी कमी केलं, मागितल्याबरोबर. रंगाचं काम मी त्यांना थांबवायला सांगितलं. ओल्या भिंतीवर कुठलाही रंग टिकत नाही; पोपडे धरतात आणि बुरशी खालून वाढत राहते. भिंत पूर्ण वाळल्यावर फेब्रुवारीत रंगवली.

मापकाच्या तक्रारी दोन. खोली बदलली की आकडा स्थिरावायला वीसेक मिनिटं जातात, त्यामुळे घर बघायला गेल्यावर झटपट तपासणी होत नाही. आणि सोबत आलेले सेल दीड महिन्यात संपले. संपत आले की अंक पुसट होतात आणि आपल्याला वाटतं तो बिघडला. फॉइलला मात्र सेल लागत नाहीत. या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच जागी परत लावला होता. दोन दिवसांनी काढला, दोन्ही बाजूंनी कोरडा. मुलाचं अंथरूण त्या रात्री बेडरूममध्ये आणलं. कपाट अजून भिंतीपासून हातभर लांब ठेवलं आहे.