आखातात निघालात: एनआरई की एनआरओ?

भाचा मस्कतला नोकरीला निघालाय. परवा गुहागरला पडवीत बसून विचारत होता, "मामा, खातं कुठलं उघडू?" हातात वाशीच्या दलालाची पट्टी होती, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब. अर्धं उत्तर त्या कागदातच होतं.

परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी इथल्या बँकांत ही दोन प्रकारची रुपयातली खाती असतात. एनआरईत परदेशातली कमाई ठेवायची. व्याजावर भारतात कर नाही, मुद्दल आणि व्याज हवं तेव्हा बाहेर नेता येतं. एनआरओ इथल्या उत्पन्नासाठी: कलमांचे पैसे, घरभाडं. त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे बँक व्याज देतानाच कापून घेते तो कर, वर उपकर. बाहेर न्यायचं तर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आणि कर भरल्याची कागदपत्रं. घाम गाळून मिळवलेला पगार एनआरओत टाकून हे मागे लावून घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

आईचं नाव दोन्हीत जोडता येतं, पण एनआरईत तुमच्या हयातीत तिला मुखत्यारपत्रावरच व्यवहार करता येतो. जुनं बचत खातं मात्र बँकेला कळवून एनआरओ करून घ्यावंच लागतं.

नुसता पगार घरी पाठवणाऱ्याने एनआरई वापरावं. बाग, भाडं इथं असेल त्याला एनआरओ हवंच. भाच्याला दोन्ही लागतील.