लेकीचा एक खांदा खाली दिसला म्हणून पोश्चर तपासून घेतलं, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फिजिओ क्लिनिकचा अनुभव

सगळ्यात आधी आमच्या टेलरताईंचे आभार. सिडकोत वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच शिवतो, लेकीचा ड्रेस फिटिंगला घातला तर म्हणाल्या, "ताई, हिचा डावा खांदा खाली आहे बघा, गळा सारखा त्या बाजूला सरकतोय, मागच्या ड्रेसला पण मी डावीकडे जरा जास्त दाबलं होतं." लेक १३ वर्षांची, आठवीत. मी रोज तिची वेणी घालते, मागेच उभी असते तिच्या, आणि मला हे कधीच दिसलं नाही, त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी घाईघाईत एका ठिकाणी गेलो, तिथे बूटसुद्धा न काढता टीशर्टवरूनच समोरून एकदा बघितलं, "पोक काढते" म्हणाले आणि १८०० चा पाठीला बांधायचा बेल्ट पुढे केला. पाच मिनिटांत सगळं. बेल्ट न घेता परत आलो. मग शाळेतल्या एका सहकारी मॅडमनी (मी पण शिक्षिका आहे) हे क्लिनिक सुचवलं, गंगापूर रोडला, जेहान सर्कलच्या जवळ. फिजिओ मॅडम एकट्याच बघतात, त्यांना न विचारता नाव टाकत नाही.

फोनवरच मला फरक कळला. त्यांनी सांगितलं हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टॉप आणा, केस वर बांधायला रबर आणा, आणि रोजचे शाळेचे बूट न पुसता तसेच आणा, दप्तर पण भरलेलंच आणा. बूट कशाला ते तिथे कळलं, टाच कुठल्या बाजूने जास्त झिजलीय ते बघतात.

आत गेल्यावर छताला एक ओळंबा टांगलेला. माझे वडील बांधकामावर होते, भिंत सरळ उठतेय का ते ओळंब्याने बघताना मी लहानपणापासून पाहिलंय, इथे तोच ओळंबा माणसासाठी. बाजूने उभं करून बघतात तेव्हा दोरी कानाच्या पाळीवरून, खांद्याच्या टोकावरून, मांडीचं हाड खुब्यापाशी बाहेर लागतं तिथून, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून आणि घोट्याच्याही किंचित पुढून गेली पाहिजे. जे दोरीच्या पुढे किंवा मागे जातंय ते त्या लिहून घेतात. मग समोरून, मग पाठीमागून, अनवाणी. आणि उभं करायच्या आधी त्यांनी लेकीला डोळे मिटून जागच्या जागी चार पावलं टाकायला लावली आणि मग थांब म्हणाल्या, कारण "ताठ उभी राहा" म्हटलं की पोरं श्वास रोखून सावधानमध्ये उभी राहतात आणि खरं काय ते लपतं. हे मला फार पटलं, वर्गात मी रोज बघते.

पाठीमागून बघताना डावा खांदा खाली आणि कमरेचं उजवं हाड खाली, दोन्ही आता मलाही दिसलं. माझे हातपाय गार पडले कारण स्कोलिओसिस (मणका बाजूला वाकणं) हा शब्द मी आदल्या रात्रीच वाचला होता. मॅडमनी तिला दोन्ही पाय जुळवून, हात जोडून हळूहळू पुढे वाकायला सांगितलं आणि मागे बसून पाठीच्या पातळीवर डोळे आणून बघत राहिल्या. याला ॲडम्स टेस्ट म्हणतात. मणका खरोखर पिळवटलेला असेल तर वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर येतात, फुगवटा दिसतो. हिची पाठ दोन्हीकडे सारखी होती. मला पण त्यांनी मागे बसवून दाखवलं. तसा फुगवटा दिसला असता तर लगेच ऑर्थोपेडिककडे पाठवून एक्सरे काढायला सांगितलं असतं म्हणाल्या, एक्सरेवर वाक १० अंश किंवा जास्त मोजला गेला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि मुलं झपाट्याने उंच होतात त्या वर्षांत तो वाढायचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून या वयात बघणं गरजेचं.

मग खांदा खाली का? तिला स्टुलावर बसवलं आणि बसल्याबरोबर खांदे सरळ, कमर सरळ. म्हणजे कारण कमरेच्या खाली. झोपवून टेपने दोन्ही पाय मोजले, कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत, तीनदा, कारण टेप जरा इकडेतिकडे झाली तरी काही मिलिमीटरचा फरक पडतो. उजवा पाय साधारण ८ मिलिमीटर कमी. नंतर उजव्या पायाखाली एक पातळ फळी सरकवली आणि डोळ्यांदेखत खांदे समेवर आले, मला तिथेच रडू आलं. एवढा फरक खूप लोकांत असतो आणि त्यांना पत्ताही नसतो, बुटात स्वतःच्या मनाने टाच बसवू नका, हाडं अजून वाढतायत, चार महिन्यांनी परत मोजू, असं स्पष्ट सांगितलं. काही विकलं नाही.

तिला दुसरं काय निघालं तर पावलं जरा सपाट, पण टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली की पावलाची कमान तयार होते, म्हणजे पाऊल लवचिक आहे, काळजी नाही. दप्तर वजनकाट्यावर ठेवलं, साडेसहा किलो! लेक ४१ किलोची. २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तर वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं असं लिहिलंय, म्हणजे चार किलोच्या आसपास. शिक्षिका म्हणून नियम मला माहीत होता, घरचं दप्तर कधी तोललं नव्हतं.

मग म्हटलं आलेच आहे तर माझं पण बघा. माझा समज होता की पोट सुटलंय. बाजूने फोटो काढला (माझ्याच मोबाईलवर, लेकीचे पण आमच्याच मोबाईलवर काढले, हे फार आवडलं) तर दिसलं की कंबर दोरीच्या पुढे गेलीय, पाठीचा वरचा भाग मागे कललाय आणि गुडघे मागे ताणून लॉक केलेत. याला स्वे बॅक म्हणतात. सहा सहा तास फळ्यापाशी उभं राहून शरीर स्नायूंवर न पेलता सांध्यांवर टेकून उभं राहायला शिकलंय. मान पण पुढे, कानाजवळचा बिंदू आणि मानेखालचा ठळक मणका जोडून त्या रेषेचा आडव्या रेषेशी कोन काढला तो ४४ अंश, ५० च्या खाली गेला की साधारणपणे मान पुढे आलेली धरतात. वह्या तपासून तपासून. मी विचारलं की व्हॉट्सॲपवर येतं ते खरं का, मान खाली घातली की २७ किलोचा भार येतो, तर म्हणाल्या तो २०१४ चा आकडा आहे, मान ६० अंश वाकली असता, आणि तो कॉम्प्युटर मॉडेलवर काढलेला आहे, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही. मान पुढे असलेल्या कितीतरी लोकांना काहीच दुखत नाही आणि ताठ बसणाऱ्यांना दुखतं, त्यामुळे फोटो बघून घाबरू नका, एकाच स्थितीत तासन्तास राहू नका. असं सांगणारं माणूस मिळणं मोठी गोष्ट आहे.

व्यायाम मोजके दिलेत. हनुवटी आत ओढायची, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे, मांडीमागचे स्नायू ताणायचे, आणि उभं असताना गुडघे किंचित सैल. पाच आठवडे झाले, शाळा सुटल्यावर कमरेत जो आवळल्यासारखा त्रास व्हायचा तो बराच कमी आहे, मान अजून तशीच.

खटकलेल्या गोष्टी पण लिहिते. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघ्यांचे पेशंट कठड्याला धरून चढत होते, मला बघवलं नाही. वेळ घेऊन पण ४० मिनिटं थांबावं लागलं. रिपोर्ट सगळा इंग्रजीत आणि त्यातही शॉर्टफॉर्म, माझ्या सासूबाईंना काय कळणार त्यातलं, मराठीत एक पान तरी द्यायला हवं, मी तसं सांगून आलेय. कपडे बदलायची जागा म्हणजे नुसता पडदा, १३ वर्षांच्या मुलीला अवघडल्यासारखं झालं. गाडी लावायला संध्याकाळी जागा मिळत नाही, सकाळची वेळ घ्या. फी प्रत्येकी ७०० आणि दोघींना मिळून सव्वा तास दिला.

लेकीला परत दाखवायचंय ते जानेवारीत. परवा टेलरताईंना पेढे देऊन आले, त्यांनी डाव्या खांद्याची दाबलेली शिवण कापली नाहीये, आत तशीच ठेवलीय, लागली तर उसवता येईल म्हणून.