शेततळ्याच्या नावाखाली 19,660 रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोय. ठाणे जिल्ह्यातच आमची सव्वादोन एकर भातशेती आहे, उताराची. दर पावसाळ्यात बांध फुटतो आणि माती ओढ्याला लागते. मजगीची, म्हणजे उतारावर बांध घालून केलेल्या भातखाचरांची, दुरुस्ती करायची आणि एक लहान शेततळं काढायचं, हे अण्णांच्या मनात कित्येक वर्षं आहे. मी ठाण्यात राहतो, वागळे इस्टेटला हिशेबाचं काम करतो. म्हणजे आकडे मला कळतात.

रात्री मोबाइलवर योजना शोधताना एका जाहिरातीत नंबर भरला. सकाळी नऊला फोन. "दादा, मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत शेततळ्याला 75,000 मिळतात, जिल्ह्याचा कोटा याच आठवड्यात संपतोय." योजना खरी, 75,000 ही कमाल मर्यादाही खरी, म्हणूनच विश्वास बसला. सातबारा, आठ-अ, आधार, सगळं पाठवलं. अनोळखी माणसाला आधारचा फोटो पाठवू नका, कितीही घाई करू दे.

आधी 2,360 रुपये अर्जाची फी. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरायच्या संकेतस्थळावर, ही फी 23 रुपये 60 पैसे आहे, हे मला नंतर कळलं. त्यांनी मधला टिंब काढून टाकला होता. मग 7,500, 'शेतकरी हिस्सा, दहा टक्के'. दहा टक्के हिस्सा सौर कृषी पंपाला भरावा लागतो, हे गावात ऐकलेलं होतं, म्हणून इथेही असेल असं वाटलं. शेततळ्याला असं आधी कुणाला काही भरायचं नसतं. पूर्वसंमती मिळते, काम आपण करतो, अधिकारी मोजमाप करतात आणि अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येतं.

आणि तो क्षण. 7,500 भरायला क्यूआर कोड स्कॅन केला, तर वर नाव आलं एका मोबाइल शॉपीचं. सरकारी योजनेचे पैसे मोबाइलच्या दुकानात कशाला जातील? अंगठा पिन टाकायच्या आधी थांबला होता, मला आठवतंय. मी फोन करून विचारलंसुद्धा. "ते आमच्या ठेकेदाराचं खातं आहे, दादा." आणि मी पिन टाकला. आजही रात्री झोप मोडते ती त्या नावाने. पण अण्णा 74 वर्षांचे आहेत, कोटा संपला तर आणखी एक पावसाळा गेला, हेच तेव्हा डोक्यात होतं. माझ्या जागी कुणीही भरले असते.

शेवटी 9,800, 'मोजणी आणि जिओ टॅगिंग'चे. जागा आखून फोटो पाठवा म्हणाले. अण्णांनी उन्हात उभं राहून चुन्याची फक्की मारली. फोटो पाठवला, त्यानंतर नंबर बंद.

पुढचे चार दिवस नुसते हेलपाटे. इथल्या पोलीस ठाण्यात मला सांगितलं, शेत गावाकडे आहे ना, मग गावच्या ठाण्यात जा. एक दिवसाची रजा टाकली, लोकलने कल्याण, तिथून एसटी. तिथे म्हणाले, पैसे ठाणे शहरातून गेले, तिथेच तक्रार द्या! कृषी कार्यालयात त्या फोनवाल्यांनी पाठवलेलं मंजुरीचं पत्र दाखवलं. साहेबांनी एक नजर टाकली, "हे आमचं नाही," आणि कागद परत सरकवला. त्यावर 'क्रुषी विभाग' छापलेलं होतं. पण आमच्या नावाने असं चाललंय तर आपण बाहेर एक सूचना लावावी, एवढंही कुणाला वाटू नये? बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं, तर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. 19,660 रुपये तुमच्यासाठी किरकोळ असतील, आमचं ते भाताचं पीक होतं.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मी तिसऱ्या दिवशी फोन केला. तुम्ही पैसे गेल्याच्या क्षणी करा, आधी पोलीस ठाणं शोधत बसू नका. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात. माझे तोवर गेले होते.

अण्णांनी एकच विचारलं, "पावती घेतलीस ना रे?" मी काही बोललो नाही. गेल्या आठवड्यात त्यांना घेऊन गावच्या सेवा केंद्रात गेलो, शेतकरी ओळख क्रमांक काढला, महाडीबीटीवर अर्ज भरला. फी 23 रुपये 60 पैसे. पावती अण्णांनी स्वतः मागून घेतली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.