दुसऱ्यांसाठी प्रार्थना: रोझरी की स्वतःचे शब्द?

दुसऱ्यासाठी प्रार्थना करायला शिकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: ठरलेली प्रार्थना म्हणणे किंवा स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलणे. गोव्यात पहिली वाट सहज सापडते, कारण मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, मेणबत्त्या लागतात, शेजारी जमतात आणि लादाईन ही सामूहिक प्रार्थना सुरू झाली की नवख्यालाही ‘आमच्यासाठी विनंती कर’ हे पालुपद म्हणता येते. रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना. तिच्या प्रत्येक भागात 10 वेळा ‘नमो मारिया’ ही मारियेची प्रार्थना येते; तो एकेक भाग एकेका माणसासाठी वाहिला, तर बोटांतला मणी सरकताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर टिकतो. दुःखाने वाचा बसते तेव्हा हे तयार शब्दच आधार देतात, हे मी आईच्या आजारपणात अनुभवले आहे.

स्वतःच्या शब्दांत मात्र नेमकेपणा येतो. बोटीवर नोकरीला गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलासाठी काही मागायचे, तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी लागते, आणि मला तीच प्रार्थनेची खरी सुरुवात वाटते. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व माणसांसाठी विनंत्या करण्याचा बोध आहे. शब्दांचा साचा तिथे दिलेला नाही. म्हणून नवशिक्याने रोझरीपासून आरंभ करावा आणि प्रत्येक भागाआधी एका माणसाचे नाव व त्याची गरज स्वतःच्या शब्दांत सांगावी, असे माझे मत आहे.